दिव्यासमोरची बैठक

तीर्थस्वरूप दादांना,

अजून पूर्ण शुद्धीवर असलेल्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. अक्षरं एवढी मोठी काढलीत की समोरच्या गॅलरीतूनही वाचता आली असती. दादा, माझा मेंदू जागेवर आहे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. तुमचा ‘आशीर्वाद’ ऱ्हस्व पडलाय, हेही पहिल्या नजरेत दिसलं.

विसरतेय ती तुमची बहीण. दूध गॅसवर ठेवून झाडांना पाणी घालायला जाते. भाजीला म्हणून निघते आणि आमच्या जुन्या भाड्याच्या घराकडे वळते. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणते, मला काय धाड भरलीय? शेवटी आमच्या कन्येने (तुमची लाडकी भाची, तेव्हा हट्ट कुठून आला ते सांगायला नको) एक दिवा आणला. ताटाएवढा, पांढराफटक. रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं. म्हाताऱ्यांची झोप सुधारते, डोकं तरतरीत राहतं म्हणे. मी एकटाच जाऊन डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, अभ्यास चालू आहेत, खात्री देत नाही, हिच्या डोळ्यांना काही त्रास नसेल तर बसवून बघा. पण हिला बसवणार कोण? कन्येने अक्कल लढवली. बाबांचं डोकं मंदावतंय, दिवा त्यांच्यासाठी आहे, आणि ते उठून पळू नयेत म्हणून आईने शेजारी बसायचं. माझी संमती घ्यायची पद्धत आमच्या घरात नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं दोरीवरच्या धुण्यासारखे त्या उजेडात असतो. मी डोळे मिटले की हिचं कोपर बरगडीत. शिवाय हिचा विश्वास टिकावा म्हणून मला अधूनमधून काहीतरी विसरावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता ठरवून स्वतःच्या करतोय, आणि तेही जमत नाही. चष्मा साखरेच्या डब्यात ठेवला, तर दिवसभर नाकावर मुंग्या. एकदा हिच्यादेखत शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना “आपण कोण?” असं विचारलं. त्या गृहस्थाने गल्लीभर दवंडी पिटली (तुमच्यापर्यंत पोचली ती हीच). आता अर्ध्या दाढीवर पेपर घ्यायला उठलो, तर न्हाव्याने साबणासकट हाताला धरून घरी आणून सोडलं. वाचनालयातल्या बाई मला चित्रांची पुस्तकं देतात. बुद्धिबळातला जोडीदार मुद्दाम हरतो, हे तर असह्य आहे. पूर्वी तो स्वतःच्या हिमतीवर हरायचा. आणि खरं कुणाला सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

परवा दिव्यासमोर तिने माझा हात धरला. म्हणाली, “घाबरू नका. तुम्ही विसरलात तरी मी आहे ना आठवण ठेवायला.” डोळ्यांत पाणी आलं ते मी उजेडावर ढकललं. त्या दिव्याचा मला झालेला एवढाच फायदा.

वहिनींना नमस्कार.

आपला,
वेड पांघरून पेडगावला निघालेला
मेव्हणा

ता. क. : मुद्द्याचं आता लिहितो. चार दिवस येऊन राहा. हल्ली ती लहानपणचं बोलत बसते. त्यात मी कुठेच नसतो, तुम्ही असता. तुम्हाला ओळखते आहे तोवर या. आलात की कीव माझीच करा, तेवढं नाटक सांभाळा.

ता. क. : दादा, मी लिहितेय. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. दिवा माझ्यासाठी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण हे इतकं मन लावून विसरतात की त्यांचा हिरमोड करवत नाही. यांना सांगू नकोस. ये लवकर.

ता. क. : दादा, एक सांगायचं राहिलंच. आमच्याकडे एक दिवा आणलाय. तो माझ्यासाठी आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं. यांना सांगू नकोस.