गपनं बाहेर काढलेली चप्पल

मु. झरी,
मंगळवार

ती. दैवशाला आक्का यांना भावजय केवळाचा वाकून नमस्कार. (वाकून असं नुसतं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वाकता येत नाही, दोन्ही गुडघे वर्षभर ठणकतात. का, ते पुढं येईल.) तुमची साखर कशी आहे? सेलूला आता कापसाची धूळ उडायला लागली असेल, तोंडाला पदर बांधत जा. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि आज मला शेवटपर्यंत सांगायचं आहे.

तुमचे भाऊ गेल्यावर मामी एकटी पडली म्हणून तुमच्या रामप्रसादनं मला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. लेकाचं मन मोठं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यानं नाव टायगर ठेवलं होतं, पण दिवसभर मला "गप!" एवढंच म्हणावं लागतं, तेव्हा ते आता त्याच नावाला येतं. आक्का, हा प्राणी भाकरी सोडून सगळं खातो. आधी खराटा खाल्ला. मग माझं आधार कार्ड. त्यावरचं माझं तोंड ठेवलं, पत्ता खाल्ला. टीव्हीचा रिमोट असा चावला की तेव्हापासून एकच तेलुगू वाहिनी लागते. (तिथल्या सासूचं म्हणणं आता मला पटायला लागलं आहे.) वाचनालयाच्या कादंबरीची शेवटची आठ पानं गेली. पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकलेली बाई मी, पुस्तकाला ओला हात लावत नाही. वाचनालयाचे आबासाहेब म्हणाले, "शेवट तुमीच सांगा, मी कुठं वाचलंय!" मी नवरा जिवंत ठेवून सांगितला.

हे सगळं सोसलं. काल मात्र कहर झाला. शेजारची राजेश्री विरजण मागायला दारात उभी होती. तेवढ्यात गप ज्वारीच्या कोठीमागून काहीतरी ओढत आला आणि तिच्या पायापाशी टाकलं. मर्दानी चप्पल, डावी, अंगठा सुतळीनं शिवलेला. अख्ख्या झरीत सुतळीनं शिवलेल्या चपला एकाच माणसाच्या होत्या.

"मामी, ही तर मामांची! गंगाखेडच्या घाटावर चोरीला गेलती न्हाई का?"

"चोरानं वापस आणून दिली आसंल," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं निघालं, माझा मलाच धक्का बसला.

"येकच?"

"दुसरी उद्या आणंल."

राजेश्रीचं माहेर सेलूचं, गुरुवारी ती तिकडं येणार. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते.

तर ऐका. तेराव्याला गेलेल्या माणसाचा जोडा भाच्याला द्यायचा, भाचा तो घालून चालला की वरच्या वाटेवर गेलेल्याचे पाय पोळत नाहीत. रामप्रसाद पाय धुऊन पाटावर बसला होता, आणि मी म्हणाले चपला दहाव्याला घाटावर चोरीला गेल्या. त्या कोठीमागं पोत्यात होत्या. त्यांच्या टाचेचा खळगा होता त्यात, आक्का. तो मला देववेना. तुम्ही भर पंगतीत चोराला शाप दिलात, "गुडघे सडतील मेल्याचे!" तेव्हा मी तुमच्याच ताटात भात वाढत होते.

आता गपला घेऊन जा. राजेश्री गेल्यावर त्यानं डाव्या चपलेची टाच, त्या खळग्यासकट, कुरतडून संपवली. रविवारी रामप्रसादला पाठवा. असल्या जनावरापाशी मी राहणार नाही.

तुमची केवळा

ता. क. रामप्रसादच्या पायाचा नंबर कळवा, नवा जोडा घेते. मामाचं नाव घेऊन चार पावलं चालला तरी पोचेल.

दुसरा ता. क. रविवारी कुणाला पाठवू नका. उजवी चप्पल मी बाहेर काढली, तर गपनं ती चावली नाही. तिच्यावर हनुवटी टेकून झोपला आहे. (मी तीनदा जाऊन पाहिलं.)

तिसरा ता. क. डावी गेली, तेव्हा डाव्या गुडघ्याचा शाप तेवढा मागं घ्या. उजवा दुखू द्या. उजवी मी देणार नाही.