साहेबांचा 'तू'

गुरुवार, १२ ऑगस्ट १९७६

साहेब आज मला 'तू' म्हणाले. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली वकिली शिकतोय; कितीही चिडले तरी 'अहो माने'च.

आज भर कोर्टात मी त्यांचा कोट ओढला. समोरच्यांची साक्षीदार बाई 'व्हय, व्हय' म्हणत होती आणि साहेब ती कबुली समजून पुढं चालले होते. ती नुसती ऐकत होती. आमच्या बार्शीकडं ऐकतानाही व्हय म्हणतात, हे शुक्रवार पेठेत वाढलेल्या माणसाला कसं कळावं?

बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या तिची उरलेली उलटतपासणी तू घे."

राग होता की विश्वास? बायको म्हणते, "घरचं मानलं की तुम्हाला." असेलही. पण जेवण गेलं नाही. उद्या अडखळलो, तर परत 'अहो माने'.