तापलेला गज

बाबा, परवा मी तुमच्या नातवाचं मनगट मोडलं.

तुम्ही त्याला पाहिलंच नाही, माझा पोरगा तुमच्यानंतरचा. तुमचे टांगे गेले, पण घोड्याचं वेड मला टाळून त्याच्यात उतरलं. चंद्रपुरात लग्नाच्या वरातीला पांढरी घोडी नेतो. मला घरातही ‘गुरुजी’ म्हणतो. आदरानं नव्हे, चिडवायला. मी जन्मभर पोरांना कविता शिकवल्या. तुम्ही लीद उचलता उचलता विचारायचात, "तुह्या कवितेतला घोडा लीद टाकते का रे?" माझे घोडे ढगांवरून दौडायचे, बाबा. त्यांचं पोट कधी दुखत नसे.

मार्कंड्याची ती जत्रा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी नुकताच मास्तर झालेला, अंगात इस्त्रीचा सदरा. वैनगंगेच्या वाळूत आपला तांबडा घोडा लोळतोय, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघतोय, घामानं काळा पडलाय. तुमचा जोडीदार टांगेवाला विळा तापवून आणतो. पोटशूळ झाला की डागायचं, हीच आपल्याकडची रीत. तुम्ही म्हणता, "लोखंड खाली ठेव." तो म्हणतो, "बाजूले व्हा भाऊ, मरून राह्यला तो!" आणि विळा टेकवतो. चर्र आवाज, जळक्या केसांचा वास, घोड्याची किंकाळी. मग तुमच्या चाबकाची दांडी जोडीदाराच्या तोंडावर. पुन्हा तोंडावर. तो गुडघ्यांवर येतो, ओंजळीत रक्त आणि दात, तरी तुम्ही थांबत नाही. मी मागून तुम्हाला कवटाळतो, तुमचं कोपर माझ्या नाकावर बसतं आणि नव्या सदऱ्यावर माझंच रक्त सांडतं. मग त्याच रक्ताळलेल्या हातांनी तुम्ही माझं डोकं घोड्याच्या कुशीला दाबून धरता. "ऐक. आतडं वाजलं पायजे. पोट मुकं झालं त समज गेला. हळू हळू चालव त्याले, तोंडात काई ओतू नको, अन् तापलं लोखंड कोनाच्या हाती राहू देऊ नको." सूर्य कलताना घोड्यानं लीद टाकली. तुम्ही लहान पोरासारखे हसलात. जोडीदार पलीकडे नदीत थुंकत बसला होता. त्या दिवसापासून मला तुमच्या हाताची भीती बसली. वर्गात मी कधी छडी उचलली नाही, ती तुमच्यामुळेच.

परवा लगीनसराईतला दिवस. एका उन्हात तीन वराती. प्रत्येक दारी नवरदेवाची बहीण घोडीला भिजवलेली चणाडाळ चारते. नको म्हटलं तर अपशकुन. पोरानं कुणालाच नको म्हटलं नाही. घोडीच्या पोटात डाळ ठासून भरली, पाणी नावाला. घोडी घरी आली आणि अंगणात कोसळली. गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, चालवत राहा, मी मूल गावाहून निघालोय. आम्ही तिला उठवलं, चालवलं. ती पुन्हा पडली, लाथांनी टिनाची भिंत फाडली, डोकं दगडावर आपटून घेतलं. पोराचा धीर सुटला. त्यानं शेगडीत गज खुपसला.

"सरका ना गुरुजी! डागलं नाई त मरते ते!"

"गज ठेव."

"डॉक्टर येईपर्यंत काय करू? तुमच्या कविता म्हणू तिच्यापाशी?"

"म्हण. पण गज ठेव."

तो लाल टोक घेऊन पुढे आला. माझ्या हाती कसा कोण जाणे, घोडीचा खुंटा होता. हाड मोडलं तो आवाज सुक्या काटकीसारखा. पोरगा भिंतीशी बसून हात छातीशी धरून ओरडत राहिला. मी दोर धरून घोडीला अंगणभर फिरवलं, ओठांवर शाळेतल्या कविता, तिच्या टापांच्या तालावर. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, सुई दिली. दिवस मावळता मावळता लीद पडली. मी ती ओंजळीत घेतली. गरम होती. मी हसलो, अगदी तुमच्यासारखा.

मोहल्ल्यात सगळे म्हणतात, गुरुजींनी घोडी वाचवली. खरं तुम्हालाच सांगतो. घाव दोन होते. पहिल्यातच गज खाली पडला होता. दुसरा मी त्याच्या रिकाम्या हातावर घातला, आणि बाबा, मला बरं वाटलं. तुम्हालाही त्या वाळूत असंच वाटलं होतं का? हे विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून कागदाला विचारतोय. थोड्या वेळानं हा शेगडीत जाईल. पोरगा प्लास्टरच्या हातानं घोडीला पाणी दाखवतो, तिच्या कुशीला कान लावतो. माझ्याशी नीट बोलतो, नजर तेवढी खाली असते. फक्त परवापासून तो मला गुरुजी म्हणत नाही.

बाबा म्हणतो.