लाकडासाठी झालेली लढाई

बाबा,

काल तुमच्या रानात गेले होते. आमच्या शाळेचं शिबिर आता तिथंच भरतं. पनवेलहून दोन बस निघतात, मुलं तंबूत राहतात, पक्षी बघतात. रानाचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तिथल्या वनरक्षकाची मुलगी. इंग्रजांनी रान बंद केलं, सरपण तोडायला आणि गुरं चारायला मनाई केली, तेव्हा आजूबाजूची गावं कोयते घेऊन आत शिरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गावकऱ्यांनीही कोयते चालवले आणि दोन्हीकडची माणसं पडली, हे मी सांगितलं. त्यात तुमचे आजोबा होते, हेही सांगितलं. गावात अजून त्याला लढाईचं रानच म्हणतात. ज्या खात्याच्या बंदीपायी आजा गेला, त्याच खात्याची खाकी नातवानं घातली, असं लोक तुमच्या तोंडावर म्हणायचे आणि तुम्ही ऐकून घ्यायचात.

मी अकरा वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी होती आणि मुंबईच्या एका शाळेचं शिबिर रानातल्या मोकळ्या जागेत उतरलं होतं. मी तुमचा डबा घेऊन आले, तेव्हा त्यांचे सर मुलांना सांगत होते, की इथल्या गावकऱ्यांनी झाडं वाचवण्यासाठी प्राण दिले. तुम्ही बाजूला उभे होतात. हळूच म्हणालात, "वाचवायला नाय, सर. तोडायलाच गेलेले. घरातल्या चुली बंद पडल्या होत्या." मुलं हसली. सरांचा चेहरा उतरला. आणि नेमकी त्याच वेळी वरच्या वाटेनं आपल्या गावातली ती म्हातारी डोक्यावर ओल्या लाकडांची मोळी आणि हातात कोयता घेऊन उतरली. सर म्हणाले, "मग आता काय करणार तुम्ही? तुमच्यासमोर चोरी चाललीय."

ती पळाली नाही. मोळी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. तुम्ही पुढे झालात. "आत्या, कोयता द्या." ती म्हणाली, "तुझा आजा नि माझा बापूस एकाच दिवशी हितं पडले. तुला म्हाईत नाय काय?" तुम्ही म्हणालात, "म्हाईत हाय. कोयता द्या." कुणीच हलत नव्हतं. सगळी मुलं तुमच्याकडे बघत होती, सर हाताची घडी घालून. तुम्ही हात पुढेच धरून ठेवलात. शेवटी तिनं मोळी खाली टाकली, कोयता तुमच्या पायाशी ठेवला आणि रिकाम्या हातानं उतरून गेली.

संध्याकाळी आई चूल फुंकतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि मी विचारते, "आपल्या चुलीत कुठलं लाकूड असतं?" आईची फुंकणी थांबते. तुम्ही ताट सरकवता. "तोंड मिटून जेव," एवढंच म्हणता आणि स्वतः न जेवता उठता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोयता गोणपाटात गुंडाळलात आणि तिच्या दारात नेऊन दिलात. गुन्हा नोंदवला नाहीत. परत आल्यावर मला म्हणालात, "कुणाला बोलायचं नाय."

चार दिवसांत सरांची लेखी तक्रार गेली. चौकशी लागली आणि तुमची बदली चंद्रपूरकडे झाली. सहा वर्षं तुम्ही सुट्टीत पाहुण्यासारखे घरी येत राहिलात, दर वेळी थोडे अधिक वाळलेले. कोयता परत मिळाल्याचं म्हातारीनंच गावभर मिरवलं आणि ते सरांच्या कानावर गेलं, असं तुम्ही आणि आई धरून बसलात. एकदा बाजारात ती "बाबू, कसा हायस?" म्हणत पुढे आली, तर तुम्ही तोंड फिरवून उरणच्या गाडीकडे चालू लागलात. ती तिथंच उभी राहिली. तुमची पिशवी माझ्या हातात होती.

ती बोलली नव्हती, बाबा. मी बोलले होते. तुम्ही कोयता परत देऊन आलात, त्याच दुपारी मी डबा द्यायला रानात आले, तेव्हा शिबिरातली एक मुलगी मला म्हणाली, "तुझे बाबा किती वाईट आहेत गं, बिचारीचं लाकूड घेतलं." मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "कोयता परत दिलाय त्यांनी. नावसुद्धा लिहिलं नाही." तुम्ही चांगले आहात, एवढंच तिला पटवायचं होतं. ती सरळ सरांकडे गेली.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. म्हातारी तुमच्याआधीच गेली. काल मी मुलांना कोयता परत दिल्याचंही सांगितलं, सरांच्या तक्रारीचंही, आणि एका मुलीनं विचारलं, "पण टीचर, हे त्या सरांना कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "ते काही कळलं नाही."

हे लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आज सकाळी म्हातारीच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली. तो कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात कामाला आहे, स्वतः येऊन हातात देऊन गेला. तो गेल्यावर आई म्हणाली, "त्या म्हातारीच्या घरी आपण जात नाय." मी बरं म्हटलं आणि कुकर लावायला उठले.