मानेवरची हळद

आये, परवा आमच्या समोरच्या दारातल्या आजी गेल्या आणि त्यांना अंघोळ घालायला दोन परक्या बाया आल्या. इथं बावधनला आता तसंच असतं. फोन केला की गाडी येते, बांबूपासून गोवऱ्यांपर्यंत सगळं बरोबर आणते, आणि घरच्यांना हॉलमध्ये बसून रडायचं तेवढंच काम उरतं. त्यांच्या सुनेला हात लावायची भीती वाटत होती. मी तिला तोंडावर नावं ठेवली नाहीत, मनात ठेवली तेवढी पुरे. बाया रबरी मोजे घालून आत गेल्या, दार लागलं, आणि मी बाहेर चपलांच्या ढिगापाशी काठी टेकून उभी राहिले. आतून त्यांतली एक बोलली, अगदी आपल्या मुळशीकडच्या बोलीत, "आजी, कुशीवर घेते हां. पाणी कोमट हाय, भिऊ नगा." मी तिथंच पायरीवर बसले. मयताशी असं बोलताना मी आयुष्यात फक्त तुला ऐकलं होतं.

तू जाऊन पन्नास वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला अक्षर येत नव्हतं आणि आलेलं पत्र तुला वाचून दाखवायला मीच लागायची. पण आता वाटतं, तुला वाचता येत नव्हतं हेच बरं आहे, त्यामुळे लिहायला धीर होतो.

गावात कुणाची बाईमाणूस गेली की पहिला निरोप तुला यायचा. तुला त्याबद्दल कुणी काही देत नव्हतं, आणि देऊ केलं असतं तर तू त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्यास. तू हातातलं काम टाकायचीस, डोक्यावरून पदर घ्यायचीस आणि निघायचीस. पाणी बाहेर तीन दगडांवर तापवायचं, पण ते कोपरानं बघायचीस, तान्ह्या पोराचं बघतात तसं. गार पाणी ओतू लागलेल्या एका बाईला तू म्हणाली होतीस, ती काय दगड हाय? केस विंचरताना मुळाशी मूठ धरायचीस, म्हणजे ओढ बसत नाही. नखांतलं पीठ, शेण काडीनं काढायचीस. आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगायचीस: बाई, हात उचलती हां, बाई, आता मान. आडोशाला लुगडं धरून उभ्या राहिलेल्या बायांनी पाठ फिरवूनच उभं राहायचं. आत तू आणि हाताखाली एक. दुसरा नेम तू कधी मोठ्यानं सांगितला नाहीस, पण सगळ्यांना माहीत होता. अंगावर जे दिसेल ते अंगाबरोबर जाऊ द्यायचं, बाहेर आणायचं नाही. म्हणून तर लोक तुलाच बोलवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी मी फायनल होऊन, ट्रेनिंग करून मास्तरीण झाले होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले होते. एस.टी. पौडापर्यंत, पुढं पायी. तेवीस वर्षांची होते, हातात घड्याळ होतं आणि जगातलं सगळं मला कळत होतं. सकाळी वरच्या आळीतून निरोप आला की त्यांची थोरली सून पहाटे गेली, रात्री पोटात कळ आली म्हणे. तुझ्या नेहमीच्या हाताखालच्या काकू तापानं पडल्या होत्या, म्हणून तू मला म्हणालीस, चल, आणि घड्याळ काढून ठेव.

त्या घरात दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या होत्या. थोरली गेलेली, आणि धाकटी आम्हाला तापलेलं पाणी आणून देत होती. अठरा-एकोणीसची असेल. घागर ठेवताना ती बहिणीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, दुःखानं वेडी झाली आहे.

तू चोळीची गाठ सोडलीस आणि थांबलीस. मानेवर डाव्या बाजूला चार निळे डाग होते, एकाखाली एक, आणि उजवीकडे एक मोठा, अंगठ्याचा. मला मास्तरीण असून बोटं मोजायला वेळ लागला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू फक्त म्हणालीस, "बाई, मान धुते हां," आणि धुतलीस, इतक्या हलक्या हातानं की जणू अजून दुखत असेल. मग सवाष्णीला लावतात तशी हळद लावलीस. कपाळ, गाल, हात, पाय, सगळीकडे एक हात. मानेवर मात्र तू दुसरा हात फिरवलास, दाट, आणि ताटलीतली उरलेली हळद निपटून तिसऱ्यांदा लावलीस. निळं दिसेनासं झालं. मी काही बोलणार तेवढ्यात तू नुसती नजर वर केलीस. ती नजर मला लहानपणापासून पाठ होती, मी घागर उचलली.

पण तुझ्यावर अन्याय नको. सासऱ्याला घाई होती, ऊन चढतंय, मयत टिकायचं नाही, उचलून घेऊ म्हणाला. तिचं माहेर धरणाच्या पल्याड, निरोप जाऊन होडीनं माणसं यायला दुपार होणार. तू अंगणात जाऊन त्या बाप्याच्या समोर उभी राहिलीस. एरवी तू बाप्यांसमोर पदर खाली घेत नव्हतीस आणि आवाज वर नेत नव्हतीस. त्या दिवशी म्हणालीस, "माहेरचं लुगडं आल्याबिगर मी हिला उचलू द्यायची न्हाई. आयला तोंड बघू द्या." तो म्हणाला, वास सुटंल. तू म्हणालीस, मी बसते की जवळ, मला नाक न्हाई का. आणि बसलीस, कडुनिंबाच्या डहाळीनं माश्या वारत, चार तास, पाणी न पिता. मी शेजारी बसले होते आणि मनात तुझा राग राग करत होते. पोलीस पाटील त्यांच्याच भावकीतला, तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. मला वाटत होतं, एवढी छाती आहे तर ही बाहेर जाऊन त्याला का सांगत नाही.

दुपारी आई आली. बारकी, काळीसावळी, होडीतल्या पाण्यानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत गाठोडं. ती ओरडली नाही. आडोशाच्या आत आली, लेकीच्या उशाशी बसली आणि तोंडावरून हात फिरवत राहिली. तुला म्हणाली, "लई छान न्हाऊ घातलीस गं बाई." मग हळूच विचारलं, "अंग कसं व्हतं?" तू म्हणालीस, "चांगलं व्हतं. झोपल्यागत." मी तुझं तोंड बघत होते. ते जराही हललं नाही.

गाठोड्यातलं हिरवं लुगडं निघालं. तू पायाकडून, मी डोक्याकडून, असं आपण ते नेसवलं. पदर माझ्याकडे आला. तो डोक्यावरून घेऊन मानेखाली नीट खोचायचा होता. पदर सरकला, मानेवरून घासत छातीवर उतरला आणि ओली हळद पुसून घेऊन गेला. चार आणि एक.

आईचा हात लेकीच्या कपाळावर होता तो तिथंच राहिला. तिनं बराच वेळ पाहिलं. मग वर पाहिलं, आधी तुझ्याकडे, मग घागर घेऊन उभ्या असलेल्या धाकटीकडे. मला वाटलं, आता ही किंचाळेल, आडोसा फाडून बाहेर जाईल, पाटलाला तंबाखू थुंकून उठावं लागेल. अगं, मी त्याचीच वाट बघत होते. पण तिचा एक हात दगडाखाली होता, जिवंत लेक त्याच घरात होती. तिनं ताटलीतली चिकटलेली हळद बोटांनी गोळा केली, थोडं पाणी घेतलं आणि लेकीच्या मानेवर लावली, नवरीला लावावी तशी, सावकाश. पदर स्वतः ओढला. मग बाहेर येऊन व्याह्यापुढे हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एक दिली ती दिलीच. दुसरी तेराव्यापत्तुर माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." तो म्हणाला, सुतकात घर कोण बघंल. ती हात जोडूनच उभी राहिली. चार माणसांत त्याला नाही म्हणता येईना. संध्याकाळच्या होडीनं ती धाकटीला घेऊन गेली. ती पोर परत आलीच नाही. दोनदा न्यायला माणसं गेली, दोनदा तशीच परत आली.

आपण ओढ्यावर अंघोळीला गेलो. तू नेहमीप्रमाणे लुगडं-चोळीसकट पाण्यात बसलीस, माझ्याकडे तोंड करून. मला वाटलं होतं, तू मारशील. तू म्हणालीस, "तुझ्या हाताला वळण न्हाई. मयताला उघडं पाडलंस."

मी म्हणाले, हात ओला होता, निसटला.

"त्या माऊलीला लेकीचं तोंड बघायचं व्हतं. तू मान दावलीस. आता जलमभर ती काय आठवंल?"

त्यानंतर तू मला कधी बरोबर नेलं नाहीस. काकू मेल्यावर सुद्धा एकटी जायचीस. लोकांना सांगायचीस, पोरगी शिकली पण हात जड हाय. मला ते लागायचं. वर्गात पोरांची अक्षरं बघताना, हाताला वळण नाही, असं मी कुणालाही कधी म्हटलं नाही, ते तुझ्यामुळं.

सात-आठ वर्षांनी तू गेलीस. मी शाळेतून आले तोवर भाऊ अंगणात बसला होता आणि गावात तुझं करायला कुणी उरलं नव्हतं, कारण सगळ्यांचं तूच केलेलं. वहिनीनं आडोसा धरला, पाठ फिरवून. मी पाणी कोपरानं बघितलं. आये, हात उचलते हां, म्हणाले. कुशीवर घेतलं, चोळी काढली, आणि तुझी पाठ पहिल्यांदा बघितली. लहानपणभर तुझ्या कुशीत झोपलेली मी, पण पाठ कधी दिसली नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत डाग होते, तापलेल्या उलथन्याचे, जुने, कातडं पांढरं पडून आक्रसलेलं. मी सात मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. ओढ्यात तू माझ्याकडे तोंड करून का बसायचीस ते कळलं. कुणी दिले? आमचे वडील, दादा, मी चार वर्षांची असताना गेले, देवमाणूस होता असं तूच सांगायचीस. आजीनं, तुझ्या सासूनं, दिले असतील. दादांनीही दिले असतील. आता विचारायला कुणी नाही.

विधवेला हळद लावत नाहीत. लावता आली असती तर मी तुझ्या पाठीवर डबाभर थापली असती. मी तुला लवकर उताणं केलं, लुगडं गळ्यापर्यंत घेतलं आणि दोन्हीकडून घट्ट खोचलं. वहिनीनं विचारलं, अंग कसं होतं? मी म्हणाले, चांगलं होतं, झोपल्यासारखं. माझं तोंडही हललं नसावं. भावाच्या घरात भिंतीवर दादांचा फोटो होता, त्याला भाऊ मरेपर्यंत हार घालत होता. मी त्याला कधीच काही सांगितलं नाही.

ती धाकटी मला पुढं पिरंगुटच्या बाजारात भेटली. शिलाईचं काम करायची, केस पिकले होते. तिनंच ओळखलं. आई शेवटपर्यंत जेवता जेवता मधेच स्वतःच्या मानेला हात लावायची, घास तसाच राहायचा, असं तिनं सांगितलं. म्हणजे तू म्हणालीस तेच झालं. मला तिथं भर बाजारात रडू आलं. मग तिनं विचारलं, "बाई, त्या दिशी पदर कसा वो घसरला?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तेव्हा घागर घेऊन बघत होती अगदी तशीच. मी तिलाही तेच सांगितलं, हात ओला होता.

तू चुकलीस असं म्हणायला मी हे लिहीत नाही. तुझी पाठ बघितल्यावर मला तसं म्हणता येत नाही. त्या आईला मी काय देऊन बसले हे मला माहीत आहे, आणि धाकटी पिकल्या केसांनी बाजारात उभी होती हेही माहीत आहे. दोन्हींची वजाबाकी मला जमत नाही, पस्तीस वर्षं गणित शिकवूनही. कागद घडी करून तुझ्या जुन्या लुगड्यात ठेवते आहे. मी गेले की त्या मोजेवाल्या बाया येतील. त्या माझ्याशी बोलतील, पाणी कोमट ठेवतील, आणि माझ्या अंगावर त्यांना झाकण्यासारखं काही सापडणार नाही, तेवढं तू मला शिकवून माझ्या पायावर उभं केलंस म्हणून.

तुझ्याशी त्या ओढ्यावर मी खोटं बोलले. पदर घेण्याआधी मी दोन्ही हात लुगड्याला पुसले होते, आये. हात कोरडा होता.