ओन्ली कॉर्नर्स लेफ्ट

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ७.
निर्णय झाला. ऋतिकाची पाठवणी आमच्या गाडीतून होणार. लग्न ११ मेला, इथेच लोधिवलीला, अंगणात मांडव घालून. सासर पळसदरीला. ऋतिका आठ वर्षांची असताना गाडीत बसून म्हणाली होती, बाबा, माझ्या लग्नात तुम्ही मला ह्यातूनच सोडायचं. मी शब्द दिला होता. शब्द म्हणजे शब्द.
गाडी पासष्ट सालची, विलायती स्पोर्ट्स, लाल, दोन सीटची. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून आणलेली. गेली अकरा वर्षं शेडमध्ये विश्रांती घेते आहे. काम किरकोळ. पुढच्या काचेभोवतीचं रबर कडक झालंय आणि वरच्या दोन कोपऱ्यांवरच्या क्रोमच्या पट्ट्या पडल्यात. एका रविवारचं काम.

संध्याकाळी ६.
काच काढली. रबर खारी बिस्किटासारखं तुटत होतं. काच शाबूत, हे माझं कसब. नाक्यावरचा मेकॅनिक झहीर डोकावला. म्हणाला, काका, काच ऱ्हाऊद्या, आधी इंजिन बघू. त्याला समजावलं की सुरुवात नेहमी दर्शनी भागापासून करायची असते. रसायनीच्या कंपनीत मी तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. त्यावर विमल (बायको) ओट्यावरून ओरडली, मेंटेनन्सच्या हापिसात व्हते, रजिस्टर लिवायला. गड्यामाणसासमोर हे बोलायची गरज नव्हती.

१५ एप्रिल.
इंग्लंडमधल्या दुकानात नवं रबर मागवलं. कोपरे टाकायचे राहिले म्हणून लगेच ईमेल केला. 'रबर ऑर्डर्ड. ओन्ली कॉर्नर्स लेफ्ट. सेंड टू.' मोजकं इंग्रजी लिहायची माझी हातोटी आहे.

२० एप्रिल.
विमलने विचारलं, गाडीला शिटा दोन, तुमी चालवणार, पोर शेजारी, मग जावई कुठं बसनार? टपावर? मनोजचा मी विचारच केला नव्हता. म्हणजे केला होता, पण शेवटी. त्याने मोटरसायकलवरून मागे यावं. तरुण आहे.

२९ एप्रिल.
पार्सल आलं. रबर उत्तम. कोपरेही उत्तम, पण दोन्ही डाव्या बाजूचे. तासभर फिरवून पाहिले, उलटे धरून पाहिले, आरशातही पाहिले. आरशात बरोबर दिसतात. दुकानदाराला खरमरीत ईमेल केला. त्याचं उत्तर आलं की तुम्हीच 'लेफ्ट' लिहिलंत. ऋतिकाने ईमेल वाचला आणि पाच मिनिटं पोट धरून हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. इंग्रजांना त्यांची भाषा येत नाही, त्याला मी काय करू? नवा कोपरा यायला तीन आठवडे. माझ्याकडे बारा दिवस.

३० एप्रिल.
रबर बसवायची पद्धत व्हिडिओत पाहिली. सोपी आहे. रबर काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत सुतळी फिरवायची, काच जागेवर टेकवायची. एकाने बाहेरून दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची. रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. झहीर म्हणाला मी येतो. मी नको म्हटलं. हे बापाने करायचं काम आहे.
सकाळी नऊ ते दुपारी चार, एकट्याने. आत जाऊन ओढलं की काच बाहेर सुटते, बाहेर येऊन दाबलं की सुतळी आत सुटते. सतरा वेळा आतबाहेर केलं. गुडघा गेला.

३ मे.
खोबरेल तेल लावलं. रबर गुळगुळीत झालं, काचही, मीही. काच हातातून निसटून गवताच्या भाऱ्यावर पडली. वाचली. तिथेच बसून राहिलो. झहीर म्हणाला, तेलानं रबर फुगतं, काका, धुवून टाका. आणि इंजिन बघू काय एकदा? त्याला हाकलला. जो तो इंजिन इंजिन करतोय. काचच नसेल तर इंजिन काय चाटायचंय?

५ मे.
काच काही बसत नाही. जेवण जात नाही. पत्रिका वाटायला मोहोपाड्याला गेलो, तिथेही लोकांच्या गाड्यांच्या काचाच बघत होतो. सगळ्यांच्या बसलेल्या आहेत.
विमल रात्रीचं पान वाढताना म्हणाली, तुमचा जीव काचेत नाय अडकलाय. पोर चाललीय, ते बघा. विमलला तांत्रिक बाबी कळत नाहीत.
आयुष्यात पोरीला दिलेला एकच शब्द. तोही जातोय. देवा, काहीतरी कर रे.

७ मे.
उजव्या कोपऱ्याचा प्रश्न सुटला! रुखवतात मांडायला आणलेल्या भांड्यांत स्टीलचं एक ताट आहे, माझ्या बहिणीने दिलेलं. त्याच्या काठाचा बाक नेमका कोपऱ्याचा. चोवीस भांड्यांत एक ताट कोण मोजतंय? झहीरकडून कापून, ठोकून, पॉलिश करून घेतलं. हुबेहूब. फक्त भांडेवाल्याने कोरलेली अक्षरं नेमकी दर्शनी भागावर आलीत. 'प्रेम भेट, आत्या' एवढं वाचता येतं. लांबून नक्षी वाटते.

८ मे.
विमलने ताटं मोजली. मी आज दिवसभर शेडमध्येच आहे.

९ मे, शुक्रवार.
आज ऋतिकाचा हिरवा चुडा. बायकांनी घर भरलेलं, म्हणून मी शेडमध्ये सुतळीशी झटत होतो. बोटांची सालं निघालेली. शेवटी ओरडलो, मर, मर एकदाची! हे गाडीला.
गोदूबाई कासारीण बांगड्या भरून परत निघाली होती. ती टोपली ठेवून आत आली. हसली नाही, हे तिचे उपकार. रबर चाचपलं. म्हणाली, अवं दादा, ह्ये तर घट्ट बांगडीवानी हाय. कोरडं वढून कसं चढंल? बादलीत साबण घोळवला, रबरभर फासला. मला आत बसवलं. म्हणाली, हिसका नाय द्यायचा. मी बाहेरून दाबीन तितकीच दोरी तुमी वढायची. हात ढिला सोडा. पोरी रडत्यात ना चुडा भरताना, त्यांना पन ह्येच सांगते. बांगडी घालायची नसती, हात सोडायचा असतो.
वीस मिनिटांत काच बसली. चारही बाजूंनी. वीस! नंतर पट्ट्या, डावा कोपरा, आत्याचा कोपरा. पाइप लावून पाणी मारलं. एक थेंब आत नाही.
ऋतिका कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून शेडच्या दारात उभी होती. मी तिला रबराचं सील दाखवलं.
नियोजन अचूक असलं की असं होतं. दोन दिवस हातात आहेत.

१० मे.
गाडी पुसली. पुन्हा पुसली. झेंडूची माळ बांधली. झहीर आला, बॉनेट उघडू काय म्हणाला. पॉलिशवर बोटं उठतील म्हणून नको म्हटलं. बाजूच्या काचा वर अडकल्यात, खाली होत नाहीत, असंही त्याने सांगितलं. त्या या कामात धरलेल्या नव्हत्या.

११ मे, रविवार. संध्याकाळी ७.
लग्न छान झालं. जिलेबी पुरली.
पाठवणीच्या वेळी ऋतिकाला गाडीत बसवलं. सगळे बघत होते. मी स्टिअरिंगवर बसलो, चावी फिरवली. टक् झालं. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तेही नाही. वाजंत्री थांबली. झहीर नुसता रुमालाने तोंड पुसत राहिला.
ऋतिका हळूच म्हणाली, बाबा, असू द्या. मी म्हटलं, तू गप्प बस, शब्द दिलाय.
गेटपासून हायवेपर्यंत उतार आहे. ढकलली तर जाईल. पण मी ढकलायचं तर स्टिअरिंग कोणी धरायचं? मनोज पुढे आला. अदबीने म्हणाला, मी बसू? मी उतरलो. तो माझ्या सीटवर बसला. दार लागलं.
झहीर आणि मी मागून ढकलली. गाडी उताराला लागली. झहीरने हात काढले. मी धावत होतो, काचेजवळ आलो. ऋतिका आतून काहीतरी सांगत होती, रडत होती, हाताने खुणा करत होती. एक शब्द ऐकू आला नाही. सील इतकं पक्कं बसलंय.
मग गाडी गेली. नाक्यावर जाऊन थांबली. तिथून त्यांना मनोजच्या मामाने आपल्या गाडीत घेतलं.
पोरीला मी ढकलून सासरी पाठवली.

१२ मे.
झहीरने गाडी ओढून आणली. सीटवर अक्षता आहेत. काढल्या नाहीत.
विमल म्हणते, ऋतिका आतून 'काच उघडत नाय, गुदमरतंय' असं म्हणाली असणार. मला खात्री आहे की 'बाबा, मस्त झालंय' म्हणाली.
दुपारी तिचा पळसदरीहून फोन आला. बरी आहे. मी विचारलं, काल काय म्हणत होतीस? म्हणाली, सोडा, सोडा म्हणत होते, बाबा. तुम्ही आत्याचा कोपरा धरून पळत होतात. पडला असतात.
मी म्हटलं, मी केव्हाच सोडला होता.
विमल समोर बसून माझ्या तळहाताला हळद लावत होती. पत्र्याने चांगलंच कापलंय.