वाटीतली गंगा

वैशाख व. ४, बुधवार
डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. प्रभाकर घाबरला आणि देवातला गंगेचा गडू हातोडीने फोडला. अर्धी गंगा फरशीवर. पोरगा बँकेत साहेब झाला, गडू उघडता येत नाही. उरली ती चांदीच्या वाटीत ओतली, वर तुळशीपान, ह्यांच्या उशाशी ठेवली. काशीला जाऊ जाऊ करत ह्यांचा जन्म गेला. वाचा जायच्या आधी मला म्हणाले होते, निदान तोंडात तरी घाल. हो म्हटलंय.
संध्याकाळपर्यंत सगळे वाटीकडे बघत बसले. हे आपले जिवंत.

व. ७, शनिवार
अजून आहेत. लेक-जावई परत गेले, कंटाळून.
वाटी उतरलीय. सुमनला विचारलं, तू प्यायलीस का?
"मी कशाला पिऊ आई? मला एवढ्यात जायचं नाहीये."
सून आहे का वकील.

व. १०, मंगळवार
आणखी उतरली. तुळशीपान वर काठाला चिकटलंय, वाळून. सुमनशी बोलणं बंद.
प्रभाकर म्हणतो, "राम घाटावरून आणतो ना, आपली क्षिप्रा नदीपण पवित्रच आहे." म्हटलं, तिथे सध्या शेवाळ आणि लोकांचा साबण. तुझ्यासाठी आणून ठेव.

व. १२, गुरुवार
काल दिवसभर लाइट नव्हती. प्रभाकरचा नवा टेबलफॅन बंद. (पेपरात आलंय, आता म्हणे सगळं बाहेरच्या देशांतनं येणार, लाइट तेवढी आणा कुठून तरी.) ह्यांना घामाच्या धारा. पायाकडे बसून पुठ्ठ्याने वारा घातला, हात भरून आला.
आणि वाटी बघते तर जवळजवळ तेवढीच.
सकाळी कंपाउंडर आला. ह्यांच्या दंडाला स्पिरिट लावलं, सुई टोचायच्या आत कोरडं. म्हटलं, कहाँ गया रे? "उड़ गया अम्मा, ये रुकता थोड़ी है।" विझलेल्या समईत तेल मात्र परवाचं तसंच.
म्हणजे फॅन पितोय. वाटीच्या मागेच तर ठेवलाय. त्यात वाटी पसरट, वर हे ऊन. बासुंदी आटवायला जन्मभर पसरट पातेलं घेतलं मी आणि
सुमनला म्हटलं, चहा टाक, दोघींचा. माफीबिफी काही नाही. तिने आलं घातलं.

ज्येष्ठ शु. २, मंगळवार
फॅन बंद केला तर ह्यांचा जीव कासावीस, चालू ठेवला तर गंगा जाते. शेवटी सुमनने डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उकळून आणली. अरुंद तोंड, घट्ट बूच. ओतलं तर तळाशी जेमतेम. एक चमचा होईल, तोही देवाचा.
फॅन चालू.

शु. ९, मंगळवार
आभाळ आलंय, थेंब नाही. नुसती उमस. ह्यांची धोतरं कालपासून दोरीवर ओलीच, वास मारतात. अंगावरचा घामही वाळत नाही. पुसते, परत येतो.
बाटली तेवढीच आहे. माणूस आटत चाललाय. मनगट हातात धरलं तर आपलीच बोटं आपल्याला भेटतात.

शु. १२, शुक्रवार
पाणी पाजायला गेले तर चमचा ढकलला. डाव्या हाताने बाटलीकडे बोट. म्हटलं, ते नंतरचं. मान हलवली, नाही.
"आत्ता हवंय?"
डोळे मिटून हो.
नंतर चव कोणाला कळणार, असं असेल मनात. की कळलंय त्यांना काही. की नुसता हट्ट. जन्मभर जेवायच्या आधी गोड मागितलं ह्या माणसाने.
आत्ता दिलं तर शेवटी काय घालू तोंडात, नळाचं? आणि नाही दिलं आणि ह्यांनी दात आवळून धरले तर
सुमनला विचारलं. म्हणाली, "आई, बाबांनी मागितलंय ना." वर पदर डोळ्याला. तिला बाहेर घालवलं.
फॅन बंद केलाय. बूच काढून बाटली समोर ठेवलीय. हे बघतायत, बाटलीकडे, मग माझ्याकडे.
फार वेळ उघडी ठेवून चालायचं नाही.